नागपुरात नवी गाडी घेताना भाव कसा करायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी हिशेबाचं काम करते. त्यामुळे नात्यात, शेजारात कोणाचंही गाडीचं कोटेशन आलं की त्याचा फोटो माझ्या व्हॉट्सॲपवर येतोच. वर्धा रोड, कामठी रोड, अमरावती रोड, सगळीकडच्या शोरूममध्ये मी कोणा ना कोणासोबत जाऊन बसले आहे. प्रश्न तेच तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवते.

डिस्काउंट किती मागावा?

सगळ्यात आधी हाच प्रश्न येतो आणि लोक इथेच अडकतात. माझ्या मामेभावाने २५,००० रुपयांचा डिस्काउंट मिळवला आणि आनंदाने पेढे आणले. मी कोटेशन मागून घेतलं. विमा बाहेरच्यापेक्षा १४,००० ने महाग होता, ॲक्सेसरीज १८,००० च्या होत्या आणि खाली बारीक अक्षरांत ‘हँडलिंग’ म्हणून ८,५०० लावले होते. बेरीज ४०,५००. म्हणजे एका हाताने पंचवीस दिले आणि दुसऱ्या हाताने चाळीस घेतले.

शोरूमला गाडीच्या किमतीवर सुटणारा नफा फार मोठा नसतो. त्यांची खरी कमाई विम्याचं कमिशन, बँकेकडून कर्जावर मिळणारा मोबदला, ॲक्सेसरीज, एक्स्टेंडेड वॉरंटी आणि तुमची जुनी गाडी यांत असते. पाणी तिथे मुरतं. म्हणून ‘डिस्काउंट किती?’ असं विचारूच नका. ‘सगळं धरून, किल्ली हातात पडेपर्यंत माझ्या खिशातून एकूण किती जाणार?’ असं विचारा, आणि तो आकडा ओळीओळीने फोडून, सही-शिक्क्यासह कागदावर घ्या. पुढची सगळी उत्तरं या एका कागदाभोवतीच आहेत.

कोटेशनमधल्या कोणत्या ओळींवर भाव होतो आणि कोणत्यांवर होत नाही?

एक्स-शोरूम किंमत (आरटीओचा कर आणि विमा धरण्याआधीची) कंपनी ठरवते, जीएसटी तिच्यातच धरलेला असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांवर (पेट्रोल १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० सीसीपर्यंत) १८ टक्के, त्याहून मोठ्यांवर ४० टक्के आणि इलेक्ट्रिक गाड्यांवर ५ टक्के जीएसटी आहे. कराच्या दरात शोरूमवाला काही करू शकत नाही. आरटीओचा करही ठरलेला असतो. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाखांना १२ टक्के आणि त्यावर १३ टक्के लागतो. डिझेलला हेच दर १३, १४ आणि १५ टक्के आहेत.

भाव होतो तो कंपनीच्या ऑफरवर, शोरूमच्या स्वतःच्या सवलतीवर, विम्यावर, ॲक्सेसरीजवर, वॉरंटीवर, जुन्या गाडीच्या किमतीवर आणि कर्जाच्या दरावर. ‘इतर’ किंवा ‘ओ. चार्जेस’ अशी ओळ दिसली तर ती कशाची ते विचारा. उत्तर मिळालं नाही तर ती ओळ खोडायला लावा.

हँडलिंग किंवा लॉजिस्टिक्स चार्जेस द्यावे लागतात का?

नाही. हा सरकारी कर नाही. गाडी कारखान्यातून शोरूमपर्यंत आणायचा खर्च एक्स-शोरूम किमतीत आलेलाच असतो. ‘सगळ्यांकडून घेतो’ असं सांगतील. ‘मग पावतीवर याच नावाने लिहून द्या’ एवढं शांतपणे म्हणा. बहुतेक वेळा ओळ तिथेच गळते. नंबरप्लेटचंही तसंच. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाडीसोबत हाय सिक्युरिटी प्लेट कंपनीकडूनच येते, तिचे वेगळे पैसे लावले असतील तर कारण विचारा.

गाडी १० लाखांच्या आसपास आहे. काही वेगळं बघायचं का?

हो, आणि हे फार जणांना माहीत नसतं. एका व्हेरियंटची किंमत ९,९८,००० आणि दुसऱ्याची १०,०५,००० आहे असं धरा. दिसायला फरक ७,००० चा. पण पहिल्याचा कर ११ टक्क्यांनी १,०९,७८० होतो आणि दुसऱ्याचा १२ टक्क्यांनी १,२०,६००. शिवाय १० लाखांच्या वर गेलं की १ टक्का टीसीएस (विकणाऱ्याने तुमच्याकडून आधीच घेऊन भरायचा आयकर) लागतो, म्हणजे आणखी १०,०५०. सात हजारांचा फरक जवळपास अठ्ठावीस हजारांवर जातो.

टीसीएसचे पैसे बुडत नाहीत. ते तुमच्या पॅनवर जमा होतात आणि रिटर्न भरताना करात वळते होतात किंवा परत मिळतात. मात्र आयकर खात्याच्या वेबसाइटवर तुमच्या पॅनखाली ती नोंद आली का, हे नंतर बघा. आणि सवलत इन्व्हॉइसमध्येच वजा करून मागा. टीसीएस इन्व्हॉइसच्या रकमेवर लागतो. ‘नंतर ॲक्सेसरीजमध्ये ॲडजस्ट करतो’ म्हणाले तर तुमची सवलत कागदावर कुठेच राहत नाही.

विमा शोरूममधूनच घ्यावा लागतो का?

अजिबात नाही. विम्याची सक्ती कायद्याने आहे, शोरूममधूनच घेण्याची नाही. विमा नियामक आयआरडीएआयच्या नियमांतही ग्राहकावर अशी सक्ती करता येत नाही. या उत्तरात मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण जास्तीत जास्त पैसे इथेच वाचतात.

नव्या कारला ३ वर्षांचा थर्ड पार्टी विमा (आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याच्या भरपाईचा) बंधनकारक आहे, हा नियम १ सप्टेंबर २०१८ पासूनचा. त्याचा हप्ता सरकार ठरवतं. २०२२ मध्ये ठरलेल्या दरांप्रमाणे तीन वर्षांचे १००० सीसीपर्यंत ६,५२१, १००० ते १५०० सीसीला १०,६४० आणि त्यावर २४,५९६ रुपये होतात. यात कोणतीच कंपनी कमी-जास्त करू शकत नाही. बाकीचा जो भाग आहे, म्हणजे आपल्या गाडीच्या नुकसानीचा एक वर्षाचा विमा आणि झिरो डेप्रिसिएशनसारखी (क्लेममध्ये सुट्या भागांची झीज न कापणारी) कव्हरं, त्यात एकाच गाडीसाठी दोन कंपन्यांच्या दरांत पाच आकडी फरक मी पाहिला आहे.

शोरूमच्या विम्याचं कोटेशन हातात घ्या, तीच आयडीव्ही आणि तीच कव्हरं टाकून बाहेरून दोन कोटेशन काढा. ‘तीच’ हा शब्द महत्त्वाचा. आयडीव्ही म्हणजे गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली तर मिळणारी कमाल रक्कम. नव्या गाडीला ती साधारण एक्स-शोरूमच्या ९५ टक्के असते. ती खाली ओढून हप्ता स्वस्त दाखवणं ही सर्रास चालणारी गोष्ट आहे.

बाहेरचं कोटेशन दाखवलं की सहसा एकच भीती घातली जाते: ‘मॅडम, बाहेरचा घेतला तर आमच्याकडे कॅशलेस होणार नाही.’ त्या विमा कंपनीच्या नेटवर्क गॅरेजच्या यादीत हेच वर्कशॉप आहे का, ते मोबाइलवर तिथल्या तिथे बघा. असेल तर विषय संपला. बऱ्याचदा यानंतर शोरूमच विम्याचा आकडा खाली आणतं. मग खुशाल तिथेच घ्या, एक फेरी वाचते.

दोन बारीक गोष्टी. १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा तुमच्याकडे आधीच असेल तर तो पुन्हा घ्यायची गरज नाही. आणि जुनी गाडी विकत असाल तर तिचा नो क्लेम बोनस सोडू नका. हा बोनस मालकाचा असतो, गाडीचा नाही. सलग पाच वर्षं क्लेम घेतला नसेल तर नव्या गाडीच्या ओन डॅमेज (आपल्या गाडीच्या नुकसानीच्या) हप्त्यात ५० टक्के सूट मिळते. जुन्या विमा कंपनीकडून तसं पत्र घ्यायचं, ते तीन वर्षं चालतं. आमच्या शेजारच्या काकांनी एक्स्चेंजमध्ये गाडी दिली आणि हे त्यांना कोणी सांगितलंच नाही. मला आजही त्याची हळहळ वाटते.

कोटेशन किती ठिकाणांहून घ्यावं?

एकाच कंपनीच्या कमीत कमी दोन वेगवेगळ्या डीलरकडून घ्या. एकाच मालकाच्या दोन शाखा म्हणजे दोन डीलर नव्हेत, हे आधी विचारून घ्या. नागपुरात कंपनीचा एकच डीलर असेल तर वर्धा किंवा अमरावतीला फोन करून कोटेशन मागवा. गाडी तिथून घ्यायलाच पाहिजे असं नाही, कागद हातात असला तरी बोलणं बदलतं.

छिंदवाडा किंवा रायपूरहून घेतली तर स्वस्त पडेल का, असंही विचारतात. राहणार नागपुरात असाल तर तात्पुरत्या नोंदणीवर गाडी आणून कर इथेच भरावा लागतो. मग एवढ्या खटपटीत फारसं काही हाती लागत नाही.

भाव करायला कधी जावं?

महिन्याच्या शेवटच्या चार-पाच दिवसांत, कारण टार्गेट महिन्याचं असतं. डिसेंबरमध्ये त्या वर्षाच्या गाड्या संपवायच्या असतात, म्हणून सवलती मोठ्या असतात. पण बदल्यात गाडीवर जुनं वर्ष लागतं, आणि पुढे विकताना घेणारा उत्पादनाचं वर्षच मोजतो. आठ-दहा वर्षं गाडी ठेवणार असाल तर डिसेंबर उत्तम. तीन वर्षांत बदलायची सवय असेल तर विचार करा.

आपल्याकडची खरी संधी मात्र पितृपक्षात असते. त्या पंधरवड्यात शोरूम ओस पडलेली असतात आणि मॅनेजर स्वतः उठून येऊन बोलतो. घरच्यांना मुहूर्त पाळायचा असेल तर तोही पाळावा. बोलणी आणि बुकिंग पितृपक्षात उरका, डिलिव्हरी दसऱ्याला घ्या. माझ्या आईने हा मार्ग आनंदाने मान्य केला होता.

दसऱ्याच्या दिवशी डिलिव्हरी असेल तर सकाळचीच वेळ मागा. त्या दिवशी धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी लाखो लोक नागपुरात आलेले असतात, दीक्षाभूमीच्या परिसरातली वाहतूक वळवलेली असते, आणि शोरूममध्ये एकामागून एक गाड्यांची पूजा चालू असते. संध्याकाळपर्यंत गाडी नीट दाखवायला कोणाला वेळ उरत नाही.

समोर बसल्यावर नेमकं काय बोलायचं?

आमच्या शेवटच्या खरेदीत काय झालं ते सांगते. सेल्समनने कोटेशनच्या कोपऱ्यात पेन्सिलने आकडा लिहिला आणि कागद माझ्याकडे सरकवला. ‘मॅडम, खरं सांगून राहिलो, याच्या खाली होत नाही.’ मी म्हटलं, ‘ठीक आहे, पण हा विमा आणि ही किट यातून काढा आणि उरलेला आकडा सांगा.’ तो काचेच्या केबिनमध्ये गेला. दहा मिनिटांनी आला तेव्हा विमा नऊ हजारांनी उतरला होता. मग मी दुसऱ्या डीलरचं कोटेशन पर्समधून काढून टेबलावर ठेवलं. पुन्हा केबिन. या वेळी मॅनेजर सोबत आला. ‘आजच्या आज बुक करत असाल तर करून देतो.’ मी म्हटलं, ‘आत्ताच करते, फक्त हाच आकडा तुमच्या सहीने द्या.’ पंधरा मिनिटांत कागद हातात होता.

यात हुशारी काही नव्हती. दुसरा कागद सोबत होता, घाई नव्हती, आणि ‘हो’ म्हणायची खरी तयारी होती. एवढं असलं की आवाज चढवावा लागत नाही. तो पोरगा मे महिन्याच्या उन्हात दिवसभर टेस्ट ड्राइव्ह देत फिरतो, त्याच्याशी नीटच बोला. आकडा त्याच्या हातात नसतो, पण आपलं म्हणणं केबिनमध्ये तोच मांडतो.

एक गोष्ट टाळा. घरातल्यांनी गाडीसमोर उभं राहून ‘हाच रंग पाहिजे, हीच घेऊ’ म्हणायचं नाही. ते बोलणं घरी करा.

मी बाई आहे, एकटी गेले तर चालेल का?

बिनधास्त जा. ‘सर कधी येणार?’ असं मला एका शोरूममध्ये तीनदा विचारलं गेलं, आणि तिसऱ्यांदा मी उठून आले. ‘गाडी माझ्या नावावर, पैसे माझे, निर्णय माझा’ हे सुरुवातीलाच एकदा सांगून टाका. तरीही कोणी मागे उभ्या असलेल्या भावाशीच बोलत राहिलं, तर शहरात दुसरी शोरूम आहेत. आपली लेक किंवा सून गाडी घेत असेल तर तिच्यासोबत जरूर जा, पण बोलू तिलाच द्या.

कर्ज शोरूममधून घ्यावं की आपल्या बँकेतून?

आधी आपल्या बँकेतून दर लिहून आणा, मग शोरूमचा दर ऐका. आणि हप्त्यावर कधीच भाव करू नका. ‘महिन्याला किती जमेल?’ या प्रश्नाचं उत्तर दिलं की ते मुदत वाढवून तुमच्या आकड्यात बसवतात. ८ लाखांचं कर्ज ९ टक्क्यांनी ५ वर्षांसाठी घेतलं तर हप्ता साधारण १६,६०७ येतो आणि एकूण व्याज १,९६,००० च्या आसपास जातं. तेच ७ वर्षांसाठी घेतलं तर हप्ता १२,८७१ इतका हलका दिसतो, पण व्याज २,८१,००० होतं. हप्ता हलका झाला त्याचे ८५,००० रुपये मोजले.

‘फक्त ५ टक्के’ ऐकलं तर फ्लॅट (शेवटपर्यंत पूर्ण मूळ रकमेवर व्याज) की रिड्युसिंग (घटत्या शिलकीवर), ते विचारा. पाच वर्षांसाठी ५ टक्के फ्लॅट म्हणजे घटत्या शिलकीवरचे जवळजवळ ९ टक्केच. बँकेला आता कर्जाआधी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ द्यावं लागतं. त्यात सगळा खर्च धरून वार्षिक दर लिहिलेला असतो. दोन बँकांची तुलना त्याच आकड्यावर करा. प्रोसेसिंग फी आणि मुदतीआधी कर्ज फेडल्यास लागणारा आकारही त्याच कागदावर बघा.

जुनी गाडी एक्स्चेंजमध्ये द्यावी का?

एक्स्चेंज बोनसचा आकडा मोठा दिसतो, पण तो एकट्याने बघायचा नाही. बाहेर २,६०,००० ला जाणारी गाडी शोरूमने २,१५,००० ला धरली आणि वर ३०,००० बोनस दिला, तरी १५,००० चा तोटाच. आधी बाहेरून दोन भाव काढा. नव्या गाडीचा आकडा पक्का होईपर्यंत जुनीचा विषय काढू नका, नाहीतर दोन्ही हिशेब एकमेकांत मिसळतात आणि कुठे काय गेलं ते कळत नाही.

गाडी दिली तर फॉर्म २९ आणि ३० (मालकी बदलण्याचे आरटीओचे फॉर्म) यांच्या प्रती, आणि तारीख-वेळ लिहिलेली डिलिव्हरी नोट घ्या. नाव बदलेपर्यंत चलान तुमच्याच नावाने येतं.

आणखी कोणत्या सवलती असतात ज्या ते स्वतःहून सांगत नाहीत?

कॉर्पोरेट, सरकारी कर्मचारी, शिक्षक, डॉक्टर, शेतकरी, जुना ग्राहक, स्क्रॅपेज (जुनी गाडी भंगारात काढल्याची). कंपनीप्रमाणे आणि महिन्याप्रमाणे हे बदलतं. घरातल्या प्रत्येकाची नोकरी सांगून विचारा. वडील निवृत्त शिक्षक असतील आणि गाडी त्यांच्या नावावर घेणं सोयीचं असेल, तर तेही विचारून पाहा.

ॲक्सेसरीजचं काय करायचं?

‘बेसिक किट’ बहुतेक ठिकाणी गळ्यात मारतात. मॅट, मडफ्लॅप आणि सीट कव्हर बाहेर कमी पैशात चांगले मिळतात. ती ओळ पूर्ण काढायला लावा. आकडा आणखी उतरत नसेल तर शेवटी मॅट आणि मडफ्लॅप फुकट मागा, तेवढं सहज देतात. वायरिंग कापून बसवायची वस्तू मात्र बाहेरून बसवू नका, वॉरंटीवरून नंतर वाद होतात.

स्टॉकमधली जुनी गाडी देत नाहीत ना, कसं ओळखायचं?

चॅसिस नंबर (गाडीच्या सांगाड्यावरचा ओळख क्रमांक) आधी मागा. सेल सर्टिफिकेटमध्ये, म्हणजे फॉर्म २१ मध्ये, उत्पादनाचा महिना आणि वर्ष असतं. ते पैसे पूर्ण भरण्याआधी विचारून लिहून घ्या. टायरच्या बाजूला चार आकडी कोड असतो. २२२५ म्हणजे २०२५ चा २२ वा आठवडा.

नागपुरात हे जरा जास्तच बघा. इथे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, आणि उघड्या यार्डात एक उन्हाळा काढलेल्या गाडीचं वायपरचं रबर कडक झालेलं असू शकतं, बॅटरी उतरलेली असू शकते. वायपरच्या रबरावरून बोट फिरवा, लगेच कळतं. अशी गाडी घ्यायचीच नाही असं नाही. शोरूमला तिच्यावर व्याज भरावं लागत असतं, म्हणून भाव करायला हीच गाडी सगळ्यात चांगली. फक्त जुनी आहे हे तुम्हाला माहीत असलं पाहिजे, नवी बॅटरी मागता आली पाहिजे आणि सवलत त्या मानाने मोठी असली पाहिजे.

टेस्ट ड्राइव्हही उन्हाळ्यात दुपारी दोनला घ्या. उन्हात उभी असलेली गाडी मागा आणि मागच्या सीटवर थंडावा किती मिनिटांत पोहोचतो ते घड्याळ लावून बघा. सकाळी दहाला सगळ्याच गाड्यांचा एसी छान वाटतो.

गाडीला वेटिंग आहे, तरी भाव होतो का?

किमतीवर नाही. विमा, ॲक्सेसरीज आणि हँडलिंगवर होतो. ‘लवकर पाहिजे तर एवढं वरून द्या’ म्हणाले तर देऊ नका.

बुकिंगला किती द्यावेत?

कमीत कमी. चेकने किंवा ऑनलाइन, शोरूमच्या खात्यात, सेल्समनच्या नाही. पावतीवर मॉडेल, व्हेरियंट, रंग, ठरलेला एकूण आकडा आणि रद्द केल्यास किती परत मिळणार, हे लिहून घ्या. डिलिव्हरीपूर्वी किंमत वाढली तर कोणती लागू होणार, तेही तिथेच विचारा. २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं कायद्याने बंद आहे, त्यामुळे ‘रोखीत द्या, जास्त सोडतो’ या बोलण्याला भुलू नका.

ठरलेल्यापेक्षा जास्त मागितले तर?

सहीचा कागद दाखवा आणि मॅनेजरला लेखी, म्हणजे ईमेलने कळवा. मग कंपनीच्या ग्राहक विभागाला तीच ईमेल पाठवा. नाहीच झालं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. पुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे, तिथे ५० लाखांपर्यंतच्या खरेदीची प्रकरणं चालतात. तोंडी शब्द तिथे टिकत नाही.

नोंदणी एमएच ३१ ची की ४९ ची, याने किमतीत फरक पडतो का?

नाही. ३१ आणि ४९ शहराचे, ४० ग्रामीणचा. कर तोच.

गाडी ताब्यात घेण्याआधी काय तपासायचं?

हे नोंदणी होण्याआधी करा. नंबर पडला की गाडी बदलून मिळणं जवळजवळ अशक्य होतं. दिवसाउजेडी यार्डात जा, शोरूमच्या दिव्यांखाली नको. दाराच्या कडांवर रंगाच्या छटा जुळतात का, काचांवरचे कोड सारखे आहेत का, किलोमीटर किती झालेत, स्टेपनी आणि जॅक आहे का, सगळे दिवे, सगळ्या काचा, एसी. चॅसिस नंबर कागदाशी एकेक अक्षर जुळवा.

डिलिव्हरीच्या दिवशी टॅक्स इन्व्हॉइस, विम्याची पॉलिसी, कराची पावती, वॉरंटीचं पुस्तक आणि फास्टॅग घ्या. इन्व्हॉइसवरचा आकडा आणि तुमच्या सहीच्या कोटेशनवरचा आकडा शेजारी ठेवून बघा. दोन किल्ल्या मोजून घ्या, आणि दुसरी किल्ली तिथेच लावून गाडी उघडून बघा.